मराठी कथाकार : मान, मानधन आणि मासिके

कादंबरीकार पुस्तकातून वाचकांपुढे येतो आणि नाटककार रंगमंचावरून. कथाकार मात्र आधी मासिकात किंवा दिवाळी अंकात छापून येतो. दहा-बारा कथा साठल्या की संग्रह निघतो आणि मग त्याच्या नावावर पुस्तक लागते. त्यामुळे मराठी कथेचा इतिहास हा बऱ्याच अंशी मराठी नियतकालिकांचा इतिहास आहे. मासिके भरभराटीला आली तेव्हा कथाकारालाही बरे दिवस आले. ती बंद पडू लागली तेव्हा सर्वांत आधी झळ बसली ती त्यालाच.

हरि नारायण आपटे यांनी 1890 मध्ये ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले आणि त्यातून आपल्या ‘स्फुट गोष्टी’ छापल्या. 1895 मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्र यांचे ‘मनोरंजन’ निघाले. या मासिकाने 1909 मध्ये पहिला दिवाळी अंक काढला आणि मराठी लेखकाच्या वर्षाला एक ठरलेला सण मिळाला. वि. सी. गुर्जरांसारख्या लेखकांना याच मासिकाने घरोघरी पोहोचवले. पुढे दिवाकर कृष्णांच्या ‘समाधी आणि इतर सहा गोष्टी’ या 1923 च्या संग्रहाने कथेला घटनांच्या पलीकडे, माणसाच्या मनात डोकावायला शिकवले. ना. सी. फडके आणि वि. स. खांडेकर यांच्या काळात कथा हे मध्यमवर्गीय घरातले नित्याचे वाचन झाले. ‘किर्लोस्कर’, ‘रत्नाकर’, ‘यशवंत’ या मासिकांची वाट पाहिली जाई. फडक्यांनी 1931 मध्ये ‘प्रतिभासाधन’ लिहून लेखनाच्या तंत्राची रीतसर मांडणी केली. कथा शिकता येते, घडवता येते हा विश्वास त्यातून अनेक नवोदितांना मिळाला. पण ठाशीव सुरुवात, वाढत जाणारी उत्कंठा आणि शेवटी कलाटणी हा साचाही त्यातूनच रुळला.

हा साचा मोडला तो दुसऱ्या महायुद्धाच्या आसपास लिहू लागलेल्या पिढीने. गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे आणि व्यंकटेश माडगूळकर यांच्या नावांशी नवकथा जोडली गेली आहे. गाडगिळांचा ‘मानसचित्रे’ हा संग्रह 1946 चा, माडगूळकरांचे ‘माणदेशी माणसे’ 1949 चे. एकाने शहरी मनाची गुंतागुंत दाखवली, दुसऱ्याने दुष्काळी माणदेशातली माणसे त्यांच्या बोलीसकट उभी केली. या लेखकांना घडवणारे मोठे व्यासपीठ म्हणजे ‘सत्यकथा’. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन या संपादकांनी हे मासिक कसोटीचे ठिकाण केले. तिथे कथा छापून आली की लेखकाचे नाव झाले, असे त्या काळी समजले जाई.

या यशामागे काय घडत असे हे पाहण्यासारखे आहे. लेखक कथा हाताने लिहून, स्वच्छ प्रत काढून, परतीच्या पोस्टेजसह पाकिटात घालून पाठवी. मग वाट पाहणे आले. उत्तर तीन प्रकारचे असे. स्वीकृतीचे पत्र क्वचित येई. ‘साभार परत’ हे दोन शब्द घेऊन पाकीट बरेचदा घरी येई. आणि सर्वांत मोलाचे असे ते तिसरे पत्र : कथा चांगली आहे, पण मधला भाग सैल पडला आहे, अमुक पात्राचे वागणे पटत नाही, शेवट पुन्हा पाहावा. ‘सत्यकथे’चे संपादक अशी पत्रे लिहीत आणि लेखक कथा पुन्हा लिहून पाठवत. एकेक कथा दोन-तीनदा ये-जा करी. नवोदिताला ही पत्रे जिव्हारी लागत, पण पुष्कळांचे लेखन याच पत्रव्यवहारातून सुधारले. संपादकाने वेळ काढून, ओळ न् ओळ वाचून दिलेला अभिप्राय ही कथाकाराची खरी शाळा होती.

या शाळेची एक उणी बाजूही होती. एकाच मासिकाच्या अभिरुचीवर वाङ्मयीन प्रतिष्ठा ठरू लागली की त्या अभिरुचीबाहेरचे अनुभव दाराबाहेर राहतात. हा राग साठ सालानंतरच्या तरुण लेखकांनी उघड व्यक्त केला. त्यांनी स्वतःची अनियतकालिके काढली आणि 1969 मध्ये मुंबईत ‘सत्यकथे’च्या अंकाची होळी केली. त्याआधीच, 1963 मध्ये, बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा संग्रह आला होता. गावकुसाबाहेरचे आणि शहरी वस्तीतले जगणे त्याने अशा धगीने मांडले की कथेकडून काय मागायचे याची कल्पनाच बदलली. या संग्रहाचा इंग्रजी अनुवाद मात्र 2018 मध्ये आला, म्हणजे तब्बल 55 वर्षांनी. कथाकाराची कीर्ती भाषेची वेस ओलांडायला किती काळ लागतो, याचे हे उदाहरण बोलके आहे.

मान मिळाला तरी केवळ कथेवर घर चालवणे मराठीत जवळजवळ कोणालाच जमलेले नाही. गाडगीळ अर्थशास्त्र शिकवत, अरविंद गोखले शेतीशास्त्रातले, द. मा. मिरासदार शिक्षकी पेशातले आणि माडगूळकर पुणे आकाशवाणीवर नोकरीला. जी. ए. कुलकर्णी धारवाडला इंग्रजीचे अध्यापन करत. नंतरच्या काळात भारत सासणे शासकीय अधिकारी होते, जयंत पवार मुंबईत पत्रकार आणि आसाराम लोमटे परभणीत पत्रकार. मासिकाचे मानधन बहुधा जुजबी, काही ठिकाणी तर फक्त अंकाची प्रत. त्यामुळे कथा लिहिली जाते ती पहाटे, रात्री किंवा सुटीच्या दिवशी. थोडक्या वेळात पूर्ण होऊ शकणारा प्रकार म्हणून कथा नोकरदाराला सोयीची वाटते. पण ती सोय वरवरची असते. कादंबरीत एकदा माणसे आणि परिसर उभा केला की लेखक पुढची दोनशे पाने त्यांच्यासोबत चालू शकतो. कथाकाराला मात्र प्रत्येक वेळी नवे जग शून्यातून उभे करावे लागते, नवा सूर शोधावा लागतो आणि चार पानांत वाचकाचा विश्वास मिळवावा लागतो. आधीची कथा उत्तम उतरली म्हणून पुढची सोपी होत नाही. अरविंद गोखल्यांनी जन्मभर निष्ठेने कथाच लिहिली. अशी निष्ठा दुर्मिळ आहे, कारण बहुतेकांना कादंबरी किंवा नाटक कधी ना कधी खुणावतेच.

कथाकाराच्या वाट्याला येणारा उघड लौकिक बरेचदा छापील पानाबाहेरून आला. शंकर पाटील, मिरासदार आणि माडगूळकर या तिघांनी मिळून कथाकथनाचे कार्यक्रम केले आणि महाराष्ट्रभर सभागृहे भरली. ज्यांनी कधी मासिक विकत घेतले नव्हते असे श्रोते शंकर पाटलांची ‘धिंड’ आणि मिरासदारांची ‘व्यंकूची शिकवणी’ ऐकून पोट धरून हसले. लिहिलेली गोष्ट समोरच्या गर्दीला भिडते की नाही हे लेखकाला त्याच क्षणी कळे. हे सुख मासिक देऊ शकत नव्हते. चित्रपटानेही कथेला हात दिला. गोव्याच्या सत्तरी भागातून आलेल्या महादेवशास्त्री जोशी यांच्या कथांवर ‘कन्यादान’ आणि ‘मानिनी’सारखे चित्रपट निघाले. शालेय पाठ्यपुस्तकात एखादी कथा लागली तर लाखो मुले ती वाचतात. अनेक मराठी माणसांना कथाकाराचे नाव आठवते ते आठवी-नववीच्या धड्यामुळे.

कधी एखादी कथा लेखकाच्या नावाचा आधार न घेता स्वतःच्या बळावर जिंकते. 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथा स्पर्धा घेतली. तिच्यात ‘कृष्णविवर’ ही कथा ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने आली आणि पहिली ठरली. लेखक होते जयंत विष्णु नारळीकर. परीक्षकांचा कौल नावावर नव्हे, कथेवर मिळावा म्हणून त्यांनी टोपणनाव घेतले होते. या कौलाने मराठी विज्ञानकथेला बळ मिळाले आणि एका शास्त्रज्ञाला वाचकप्रिय कथाकार केले.

पुरस्काराने मात्र नेहमी समाधानच मिळते असे नाही. जी. ए. कुलकर्णी यांचा ‘निळा सावळा’ 1959 मध्ये आला आणि पुढच्या काही वर्षांत ‘पारवा’, ‘हिरवे रावे’, ‘रक्तचंदन’ या संग्रहांनी त्यांचे स्थान पक्के केले. सभा-संमेलनांपासून दूर राहून त्यांनी नियती, दुःख आणि माणसाचे एकटेपण यांवर अशा कथा लिहिल्या की त्यांना वाचणारा एक निष्ठावंत वाचकवर्गच तयार झाला. 1973 चा साहित्य अकादमी पुरस्कार ‘काजळमाया’ला मिळाला. पण पुस्तकाच्या प्रकाशनवर्षावरून वाद निघाला आणि जी. एं.नी तो पुरस्कार परत केला. कथेच्या गुणवत्तेविषयी कोणाचाच प्रश्न नव्हता, तरी या वादाचा ताप लेखकाला सोसावा लागला. आज त्या वादाचे तपशील फार थोड्यांना ठाऊक आहेत. ‘काजळमाया’ मात्र वाचली जाते.

1982 मध्ये ‘सत्यकथा’ बंद पडले. त्याच सुमारास आणि त्यानंतर इतरही मासिके क्षीण होत गेली. दूरदर्शन घरात आले आणि संध्याकाळचा वेळ वाटला गेला. वृत्तपत्रांच्या रविवार पुरवण्यांतली जागा हळूहळू सदरांकडे वळली. समीक्षेतही कादंबरीचे पारडे जड झाले. भालचंद्र नेमाडे यांनी कथेला कादंबरीच्या तुलनेत उघडपणे दुय्यम ठरवले. मराठीला ज्ञानपीठ मिळाले ते खांडेकर, कुसुमाग्रज, विंदा करंदीकर आणि नेमाडे यांच्यामुळे. यांतल्या कोणाचीही मुख्य ओळख कथाकार अशी नाही. प्रकाशकांचा अनुभवही असा की कादंबरी तुलनेने लवकर खपते आणि कथासंग्रह रेंगाळतो. पूर्वी हजार-अकराशे प्रतींची आवृत्ती काढण्याची पद्धत होती, आता ती अनेकदा त्याहून बरीच लहान असते. ग्रंथालयांची खरेदी लांबली की प्रकाशकाची पहिली कात्री कथा आणि कवितेवर चालते.

या पडत्या काळातही कथेतली जिवंत भर थांबली नाही. कमल देसाई आणि विजया राजाध्यक्ष यांच्यानंतर गौरी देशपांडे, सानिया, आशा बगे, मेघना पेठे यांनी स्त्रीच्या मनाबरोबरच तिच्या निर्णयांना, शरीराला आणि एकटेपणाला शब्द दिले. भास्कर चंदनशिव आणि आसाराम लोमटे यांनी मराठवाड्यातल्या शेतीचे आणि गावातल्या सत्तेचे ताण मांडले. भारत सासणे आणि जयंत पवार यांनी दीर्घकथेला बळ दिले. जयंत पवारांच्या कथेत गिरण्या बंद पडल्यानंतरची मुंबई आहे. दीर्घकथेला पाने लागतात आणि ती पाने आता मुख्यतः दिवाळी अंकच देतात. साहित्य अकादमीनेही कथेची दखल घेतली. 2012 मध्ये जयंत पवारांचा ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’, 2016 मध्ये लोमटे यांचा ‘आलोक’ आणि 2021 मध्ये किरण गुरव यांचा ‘बाळूच्या अवस्थांतराची डायरी’ हे कथासंग्रह सन्मानित झाले. 2022 मध्ये उदगीरच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद सासणे यांनी भूषवले.

आजच्या कथाकाराचे वर्ष दिवाळीभोवती फिरते. उन्हाळ्यात संपादकांची निमंत्रणे सुरू होतात, पावसाळ्यात कथा द्यायची असते आणि दिवाळीत शेकडो अंक एकदम बाजारात येतात. एकाच लेखकाकडे चार-पाच अंकांची मागणी आली की घाई होते, जुना साचा पुन्हा वापरला जातो आणि शेवट उरकला जातो. गर्दीत चांगली कथाही नजरेतून सुटते, कारण अंकांमधल्या कथांची समीक्षा फारशी होत नाही. उरलेल्या आठ-नऊ महिन्यांत कथेला जागा देणारी नियतकालिके मोजकीच आहेत. सविस्तर वाचून कथा परत लिहायला लावणारा संपादक तर आणखी दुर्मिळ झाला आहे. नव्या लेखकाचे सर्वांत मोठे नुकसान इथेच होते. नकार पचवता येतो, पण अभिप्रायच न मिळाल्यामुळे कुठे चुकले हे कळत नाही.

नव्या वाटाही उघडल्या आहेत. स्टोरीटेलसारखी श्राव्य पुस्तकांची सेवा 2017 मध्ये भारतात आली आणि मराठी कथा प्रवासात, स्वयंपाक करताना ऐकली जाऊ लागली. कथाकथनाच्या परंपरेत वाढलेल्या मराठीला हे माध्यम मानवले. अभिवाचनाचे कार्यक्रम, कथास्पर्धा आणि लघुपट यांमुळे कथेला दुसरे आयुष्य मिळते. परदेशातल्या मराठी मंडळांमध्येही कथावाचनाला श्रोते मिळतात. मात्र ऐकणारा आणि पाहणारा वर्ग कितीही वाढला, तरी कथा आधी कोणीतरी नीट लिहावी लागते आणि लिहिलेली कोणीतरी नीट वाचावी लागते. मराठी कथेला लेखकांची वाण कधीच पडली नाही. तिला हवे आहेत ते वर्षभर चालणारे अंक, कष्टाला साजेसे मानधन, जाणते संपादक आणि कथासंग्रह विकत घेणारे वाचक. यांतली शेवटची गोष्ट तरी प्रत्येक वाचकाच्या हातात आहे.