थंडीच्या सीमेवरील केळबाग

केळ हे मूळचे उष्ण व दमट प्रदेशातील झाड होय. आपला अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्हा उष्ण कटिबंधात मोडतो खरा. परंतु त्याचा बराच भाग सुमारे २,००० फूट उंचीच्या पठारावर असून हिवाळ्यात येथील हवा कोरडी असते. निरभ्र, निवांत रात्री जमिनीची ऊब आकाशाकडे निघून जाते व पहाटे उष्णमान पुष्कळदा १० अंश सेल्सिअसखाली उतरते. केळीस नवे पान येणे १४ अंशांच्या सुमारासच जवळजवळ थांबते.

यास्तव बागेची जागा निवडताना केवळ मातीकडे पाहू नये. थंड हवा जड असते. ती पाण्याप्रमाणे उताराने वाहत जाऊन सखल भागी साचते. नदीकाठच्या खोलगट काळ्या जमिनीचा मोह कोणास होत नाही? पण तेथेच थंडीचा मुक्काम अधिक. जानेवारीतील एखाद्या पहाटे उष्णमापक घेऊन शेताच्या वरच्या व खालच्या टोकास उभे राहावे, म्हणजे प्रत्यय येईल. वाऱ्यासाठी शेवरीचे दाट कुंपण अवश्य करावे. मात्र उताराच्या अंगास ते विरळ ठेवावे, नाहीतर तेच थंड हवेचा बांध होऊन बसते.

लागणीची वेळही तितकीच महत्त्वाची. फेब्रुवारी-मार्चात कंद लावल्यास घड पुष्कळदा ऐन थंडीत निसवू लागतो; दांडा आखडतो व घड खोडाच्या गळ्यात अडकतो. असा घड मागाहून कितीही खत घातले तरी सुधारत नाही. जून-जुलैच्या लागणीत हा धोका कमी.

कडाक्याच्या रात्री विहिरीचे पाणी द्यावे. ते हवेपेक्षा उबदार असते, व ओली जमीन दिवसाची उष्णता अधिक साठविते. पेटविलेल्या पाचटाच्या धुरावर आमच्या बागाइतदारांची फार श्रद्धा. परंतु नुसत्या धुराने ऊब फारशी अडत नाही, जो गुण येतो तो बहुतांशी विस्तवाचा. तेव्हा एका मोठ्या ढिगाऐवजी लहान लहान शेकोट्या बागेत ठिकठिकाणी कराव्या व पहाटेपर्यंत जागत्या ठेवाव्या.

करपलेली पाने लगेच कापण्याची घाई करू नये. जो भाग हिरवा राहिला असेल तो झाडास पोशीत असतो, आणि वाळलेली पाने खोडाभोवती लोंबती राहिल्यास खोडास व घडास तेवढाच आडोसा मिळतो. थंडी सरल्यावर ती काढावी.