शालान्त निकाल आणि शाळेची योग्यता

गोदातीरावरील पुणतांबा हे राहाता तालुक्यातील गाव. येथील माध्यमिक शाळांचे शालान्त निकाल पुणे विभागीय मंडळामार्फत जाहीर होतात आणि त्यांच्या टक्केवारीवरून शाळेची योग्यता ठरविण्याचा प्रघात सर्वत्र आहे. हा मापदंड कितपत विश्वसनीय आहे, हे पाहणे अगत्याचे होय.

राज्याचा दहावीचा निकाल २०१९ मध्ये ७७.१० टक्के, तर २०२० मध्ये ९५.३० टक्के लागला. एका वर्षात अध्यापन इतके सुधारले असे कोणी म्हणणार नाही. २०१९ मध्ये भाषा विषयांतील शाळेने द्यावयाचे २० गुण रद्द होते; पुढील वर्षी ते पुन्हा सुरू झाले, शिवाय टाळेबंदीमुळे भूगोलाची परीक्षाच झाली नाही. २०२१ मध्ये तर लेखी परीक्षेवाचूनच ९९.९५ टक्के निकाल लागला. तेव्हा पुणतांब्यातील एखाद्या शाळेचा निकाल या काळात चढला असल्यास ती चढण शाळेची की पद्धतीची, हे राज्याच्या सरासरीशी ताडून पाहिल्यावाचून सांगता येणार नाही.

याहून सूक्ष्म दोष छेदाचा आहे. टक्केवारी परीक्षेस बसलेल्यांची निघते. आठवीनंतर गळालेला मुलगा तीत कोठेच नसतो. उसाच्या या टापूत तोडणीचा हंगाम शालेय वर्षाच्या ऐन मध्यावर येतो, ही गोष्टही विसरून चालणार नाही. म्हणून आठवीत दाखल झालेल्या तुकडीपैकी किती जण शालान्त परीक्षा उत्तीर्ण झाले, हे प्रमाण जनरल रजिस्टरावरून काढावे. शंभर टक्क्यांचा फलक लावणाऱ्या शाळांना ते रुचेलच असे नाही. दाखला घेऊन अन्य शाळेत गेलेल्यांना मात्र गळतीत धरू नये.