आसरा, रझाकार आणि बहात्तर

मराठवाड्यातल्या कन्नडच्या शिवारात विहिरीच्या नाहीतर डोहाच्या काठी शेंदूर फासलेले सात तांदळे ओळीने मांडलेले दिसले, तर त्या साती आसरा, पाण्याच्या देवता. पुढ्यात हळदकुंकू, हिरव्या बांगड्या, कधी एखादा खण. भर दुपारी किंवा तिन्हीसांजेला एकट्या पोराने पाण्याकडे जायचे नाही, आसरा ओढून नेतात, असे थोरले बजावतात. जुन्या विहिरींना कठडा नसायचा, पायऱ्या शेवाळलेल्या. डोहात तर दोन पावलांवर तळ नाहीसा होतो. उन्हाच्या वेळी माणसे सावलीला आडवी झालेली असतात, हाक मारली तरी धावून येणारे कोणी नसते. बुडालेल्या लेकरांची आठवण गावाने त्या दगडांत जपली, असे मला ठामपणे वाटते.

भीतीच्या गोष्टींत गावाचा इतिहास असा मुरलेला असतो, आणि हे दूरदेशीही दिसते. झिंबाब्वे-मोझांबिकच्या सीमेवरच्या न्डाऊ लोकांवर एकोणिसाव्या शतकात गाझा राज्याची धाड पडली. 1889 साली राजा गुंगुन्यानेने राजधानी दक्षिणेला हलवताना हजारो न्डाऊंना बळजबरीने सोबत नेले. त्या हल्लेखोरांचे ‘मद्झ्विती’ हे नाव पुढच्या पिढ्यांच्या तोंडी राहिले. मराठवाड्यात ‘रझाकार’ या शब्दाचे तसेच झाले. कन्नड निजामाच्या राज्यात होते. घाट उतरला की इंग्रजांचा खानदेश. 1947-48 मध्ये रझाकारांच्या, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांच्या, भीतीने मराठवाड्याच्या सीमेवरची कितीतरी कुटुंबे अंगावरच्या कपड्यांनिशी हद्दीपलीकडे गेली. 13 सप्टेंबर 1948 ला भारतीय फौजा आत शिरल्या, 17 तारखेला निजाम शरण आला. पण त्यानंतर अनेक ठिकाणी निरपराध मुसलमान शेजाऱ्यांवर सूड उगवला गेला. केंद्र सरकारने पाठवलेल्या सुंदरलाल समितीने ते नोंदवले. आपल्या घरच्या गोष्टींत हा भाग बहुधा गाळलेला असतो.

भिल्लांच्या बाबतीत तर गोष्टीतला अन्याय आणखी जुना. कन्नडच्या औट्रम घाटाला ज्याचे नाव आहे, त्या जेम्स औट्रमने 1825 पासून खानदेशात भिल्ल पलटण उभी केली. डोंगरातले भिल्ल म्हणजे वाटमारे, ही समजूत साहेबी दप्तराने पक्की केली. सातमाळ्याच्या खिंडी राखण्याचे हक्क याच भिल्ल नाईकांकडे होते आणि दुष्काळ व लुटालुटीत तेही उद्ध्वस्त झाले, हे कोणी सांगत नाही. गोष्ट कोणाच्या तोंडची आहे, ते पाहावेच लागते.

1972 चा, म्हणजे ‘बहात्तरचा दुष्काळ’ मात्र सगळ्यांचा. दुष्काळी कामांवर खडी फोडून हाताला आलेले फोड, रेशनची लाल मिलो ज्वारी, पोरांसाठी सुकडी. ताटात अन्न टाकणाऱ्या नातवाला आजी आजही तेच ऐकवते. त्या कामांच्या अनुभवातून 1977 चा रोजगार हमी कायदा झाला.

बहात्तर साली दहा वर्षांचे असलेले आज साठी ओलांडून गेले. रझाकारी आठवणारे थोडेच उरलेत. या दिवाळीत त्यांच्याजवळ बसा. गावाचे, विहिरीचे नाव आणि साल घालून गोष्ट उतरवून घ्या. मग भिल्ल वस्तीवर, मुसलमान मोहल्ल्यातही जा आणि त्यांची गोष्टही त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या.