हत्तीचा कान आणि शेवटचा बाक

गणेशचतुर्थी जवळ आली की आमच्या वर्गातली मुले मातीचा गणपती करतात. सोंड कशीही वळली तरी चालते, पण कान सुपाएवढेच हवेत! एका मुलाने विचारले, "गुरुजी, कान मोठे म्हणजे हत्तीला जास्त ऐकू येते का?" उत्तर आम्हालाही ठाऊक नव्हते. शोधले तेव्हा ते अमेरिकेत सापडले.

कॅन्सस राज्यातील इंडिपेंडन्स या गावच्या प्राणिसंग्रहालयात रिकी व हेन्री हेफ्नर या संशोधक पतिपत्नींनी सात वर्षांच्या एका भारतीय हत्तिणीच्या श्रवणाची परीक्षा घेतली. आवाज ऐकू आला की तिने सोंडेने ठरलेले बटण दाबायचे. बरोबर असले की बक्षीस. (आमच्या तोंडी परीक्षा इतक्या शिस्तीत होत नाहीत.) निकाल १९८० साली प्रसिद्ध झाला. माणूस सेकंदाला साधारण २० ते २०,००० कंपनांचे आवाज ऐकतो. ही हत्तीण १७ पासून ऐकत होती, पण १०,५०० च्या सुमारास थांबत होती. म्हणजे खर्जात ती आपल्याहून थोडी सरस, तारस्वरात मात्र बरीच मागे.

बाहेरचे सूप दिसते, पण खरे काम आत, मधल्या कानात चालते. पडदा थरथरतो, त्याला टेकलेली तीन चिमुकली हाडे ती थरथर आतल्या शंखाकृती कानाकडे पोचवतात. हाडे मोठी व जड असली की त्यांना भरभर थरथरणे अवघड जाते. बोस्टनमध्ये कॅटलिन ओ'कॉनेल, सुनील पुरिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी मृत हत्तींच्या कानाच्या हाडांवर लेसरचा किरण टाकून ही थरथर मोजली आणि माणसाच्या कानाशी ताडून पाहिली. तो अभ्यास २०२४ साली छापून आला. त्यांच्या आधी, १९६१ चे नोबेल मिळवणारे बेकेशी यांनीही हत्तीचा आतला कान तपासला होता. ते मूळचे हंगेरीचे. हार्वर्ड सोडून अखेरची वर्षे ते हवाई बेटावर राहिले. आपल्यासारखेच ते उसाचे बेट होते!

जिवंत कानाचा मधला भाग तपासायलाही युक्ती आहे. कानात मऊ बूच बसवायचे, हवेचा दाब कमीजास्त करायचा, बारीक सूर सोडायचा आणि किती आवाज परत येतो ते यंत्राने मोजायचे. कोणी काही बोलायला नको. ह्यूस्टनच्या जेम्स जर्जर यांनी १९७० साली या आलेखांना ए, बी, सी अशी नावे दिली. ए म्हणजे डोंगरासारखी रेघ, कान ठीक. बी म्हणजे सपाट रेघ. पडद्यामागे बहुधा पाणी साचलेले.

ही सपाट रेघ आम्ही स्वतः पाहिली आहे. शेवटच्या बाकावरचा एक मुलगा हाक मारली तरी वळत नसे. आम्ही त्याला दुर्लक्षी म्हटले, दोनदा कोपऱ्यात उभे केले. शेवटी त्याच्या आजीनेच सांगितले, "गुरुजी, ह्याला वारंवार सर्दी होते, रेडिओही मोठ्याने लावतो." तपासणी झाली. दोन्ही कानांत पाणी होते. उपचाराने ते गेले.

आता तो पहिल्या बाकावर बसतो. परवा त्याने तक्रार केली की गुरुजी फार मोठ्याने बोलतात.