ली ना : चार शस्त्रक्रियांची कारकीर्द

दिनांक ४ जून २०११ रोजी पॅरिसच्या लाल मातीवर चीनच्या ली ना हिने इटलीच्या फ्रान्चेस्का स्कियाव्होनेचा ६-४, ७-६ असा पराभव करून फ्रेंच खुल्या स्पर्धेचे विजेतेपद मिळविले. टेनिसच्या चार प्रमुख स्पर्धांपैकी एखादीचे एकेरीचे अजिंक्यपद पटकाविणारी ती पहिलीच आशियाई खेळाडू ठरली. हा सामना एकट्या चीनमध्ये सुमारे ११ कोटी ६० लाख लोकांनी दूरचित्रवाणीवर पाहिला. त्यानंतर अवघ्या सव्वातीन वर्षांत, जागतिक क्रमवारीत पहिल्या दहांत असतानाच, तिने खेळाचा निरोप घेतला. निरोपाचे कारण होते तिचे गुडघे. आपल्यासारख्या वैद्यक व्यावसायिकांना आणि घरात खेळाडू मुले असणाऱ्या पालकांना या कारकिर्दीतून घेण्यासारखे बरेच आहे. म्हणून हा लेखप्रपंच.

घडण

ली ना हिचा जन्म २६ फेब्रुवारी १९८२ रोजी हूपै प्रांतातील वूहान या शहरी झाला. वडील बॅडमिंटन खेळाडू असल्याने पाच-सहा वर्षांची असतानाच तिच्या हाती बॅडमिंटनची रॅकेट आली. चीनमध्ये त्या काळी खेळाडू घडविण्याचे काम सर्वस्वी शासनाच्या हाती होते. होतकरू मुले लहानपणीच हेरावयाची, क्रीडाशाळेत ठेवावयाची, त्यांचा खेळ प्रशिक्षकांनी ठरवावयाचा, अशी ती पद्धत. आठ वर्षांच्या सुमारास ली ना हिला टेनिसकडे वळविण्यात आले. मोठ्यांचे आपसांत ठरले, पण आपल्याला कोणी विचारलेच नाही, असे ती पुढे सांगत असे. ती चौदा वर्षांची असताना हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराने वडील वारले. खेळणे ही आता घराचीही गरज झाली.

१९९९ साली ती व्यावसायिक खेळाडू झाली आणि २००२ च्या अखेरीस तिने राष्ट्रीय संघच सोडला. वूहानमधील विद्यापीठात नाव घालून ती पत्रकारितेचे शिक्षण घेऊ लागली. संघ सोडण्यामागे अनेक कारणे होती. त्यांपैकी एक आपल्या विषयाशी निगडित आहे. मासिक पाळीच्या काळातही स्पर्धा खेळता यावी म्हणून संप्रेरकयुक्त औषधे घेण्याचा आग्रह संघाकडून होत होता आणि आपल्याला ती सोसत नव्हती, असे तिने नंतर सांगितले आहे. औषध कोणते, ते कोणासाठी आणि कोणाच्या संमतीने द्यावयाचे, हे वैद्यकातील मूलभूत प्रश्न आहेत. खेळाडूच्या बाबतीत मात्र रुग्ण आणि डॉक्टर यांच्यामध्ये एक तिसरा पक्ष उभा असतो. तो पक्ष पदक मोजत असतो.

पुनरागमन आणि स्वातंत्र्य

२००४ साली ती परतली, आणि त्याच वर्षी ग्वांगझोऊ येथील स्पर्धेत पात्रता फेरीपासून खेळत तिने विजेतेपद मिळविले. महिला टेनिसच्या व्यावसायिक मालिकेत एकेरी जिंकणारी ती पहिली चिनी खेळाडू. २००६ मध्ये जिआंग शान या सहखेळाडूशी तिचा विवाह झाला. तोच पुढे बराच काळ तिचा प्रशिक्षकही होता. त्याच वर्षी विम्बल्डनच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत तिने मजल मारली. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये व्हीनस विल्यम्सला हरवून ती चौथी आली.

खरे वळण आले ते २००९ पासून. चिनी टेनिस संघटनेने ली ना, झेंग जिए, पेंग श्वाय व यान झी या चौघींना स्वतःचा प्रशिक्षक, स्वतःचे वेळापत्रक आणि स्वतःचा हिशेब ठेवण्याची मुभा दिली. पूर्वी बक्षिसाच्या रकमेतील सुमारे ६५ टक्के वाटा शासकीय यंत्रणेकडे जात असे. तो आता ८ ते १२ टक्क्यांवर आला. चिनी भाषेत या व्यवस्थेस ‘स्वबळावर उड्डाण’ अशा अर्थाचे नाव पडले. केव्हा खेळावे आणि केव्हा विश्रांती घ्यावी, हा निर्णय प्रथमच खेळाडूच्या हाती आला. त्याचे फळ लवकरच दिसले : २०१० मध्ये ऑस्ट्रेलियन खुल्या स्पर्धेची उपांत्य फेरी, २०११ मध्ये तेथेच अंतिम फेरी, आणि पाठोपाठ पॅरिसचे विजेतेपद.

गुडघ्याची बाजू

गुडघा हा बिजागरीसारखा सांधा मानला जात असला तरी त्यात थोडी फिरकीही असते. साध्या चालण्यातही त्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच-तीनपट भार येतो. टेनिसमध्ये धावता धावता एकदम थांबणे, पाय रोवून कंबरेतून वळणे आणि लगेच उलट दिशेस झेपावणे, हे एका सामन्यात शेकडो वेळा घडते. वर्षातील बऱ्याच स्पर्धा कठीण पृष्ठभागाच्या मैदानांवर होतात. तेथे मातीवरल्यासारखा पाय घसरत नाही, आणि थांबण्याचा हिसका सांध्याला सोसावा लागतो.

हा हिसका झेलण्यासाठी मांडीचे हाड व नडगीचे हाड यांच्यामध्ये दोन अर्धचंद्राकृती गाद्या असतात आणि हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चेचे आवरण असते. प्रौढ वयात या कूर्चेला रक्तपुरवठा नसतो. सांध्यातील द्रवावरच तिचे पोषण होते. म्हणून तिची झीज भरून येणे जवळजवळ अशक्य असते. गादीचा फाटलेला भाग काढून टाकला तर वेदना कमी होऊ शकते, पण तोच भार आता लहान क्षेत्रावर पडतो आणि कूर्चा अधिक वेगाने झिजू लागते. आज शल्यविशारद शक्य तेथे गादी काढण्याऐवजी शिवून वाचविण्याकडे वळले आहेत ते याचसाठी. इंजेक्शनांचेही तसेच. स्टेरॉइडच्या इंजेक्शनाने सूज आणि दुखणे ओसरते, परंतु ती वारंवार दिल्यास कूर्चेची हानी होऊ शकते. शिवाय दुखणे ही शरीराने वाजविलेली धोक्याची घंटा असते. घंटा बंद केली म्हणजे आग विझली असे होत नाही.

ली ना हिच्या उजव्या गुडघ्यावर तीन वेळा शस्त्रक्रिया झाली. सूज आणि वेदना आटोक्यात ठेवण्यासाठी गुडघ्यात शेकडो इंजेक्शने घ्यावी लागली, असे तिने निरोपाच्या पत्रात लिहिले आहे. एक गुडघा अधू झाला की दुसऱ्यावर भार वाढतो, हे आपण रोज पाहतो. जुलै २०१४ मध्ये तिच्या डाव्या गुडघ्यावरही शस्त्रक्रिया करावी लागली.

मेलबर्नच्या दोन संध्याकाळी

२६ जानेवारी २०१३ च्या ऑस्ट्रेलियन अंतिम सामन्यात व्हिक्टोरिया अझारेन्काविरुद्ध खेळताना ली ना दोनदा पडली. पहिल्यांदा घोटा मुरगळला. दुसऱ्यांदा, राष्ट्रीय दिनाच्या आतषबाजीसाठी थांबलेला खेळ पुन्हा सुरू होताच, तिचे डोके मैदानावर आपटले. वैद्यकीय चमूने बोट डोळ्यांसमोर फिरवून नजर तपासली, आणि सामना पुढे चालू झाला. तीन सेटमध्ये ती हरली. डोक्यावरील आघाताची लक्षणे काही वेळाने उमटू शकतात. त्यामुळे अशा वेळी खेळाडूला मैदानाबाहेर ठेवावे, याबाबत आजचे क्रीडावैद्यक पूर्वीपेक्षा पुष्कळच सावध झाले आहे.

पुढील वर्षी त्याच स्पर्धेच्या तिसऱ्या फेरीत लुसी साफारोव्हाविरुद्ध पराभव एका गुणावर येऊन ठेपला होता. ती वाचली, आणि २५ जानेवारी २०१४ रोजी डॉमिनिका सिबुलकोव्हाला ७-६, ६-० असे नमवून तिने विजेतेपद मिळविले. फेब्रुवारीत जागतिक क्रमवारीत ती दुसऱ्या स्थानी पोहोचली. वय होते बत्तीस. त्याच वर्षीच्या १९ सप्टेंबरला तिने निवृत्ती जाहीर केली. तिच्या जन्मगावी, वूहानमध्ये, मोठी व्यावसायिक स्पर्धा प्रथमच भरण्यास अवघे काही दिवस उरले होते. घरच्या प्रेक्षकांपुढे खेळण्याचा मोह तिने आवरला.

आपल्यापुरते

२०१९ साली तिचा आंतरराष्ट्रीय टेनिस कीर्तिमंदिरात समावेश झाला. ली ना हिचा पॅरिसमधील विजय बालवयात पाहून प्रेरणा घेतलेल्या झेंग चिनवेनने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये, त्याच रोलाँ गॅरोसच्या मातीवर, एकेरीचे सुवर्णपदक मिळविले. ती हूपै प्रांताचीच. आपल्याकडे सानिया मिर्झाने २००७ मध्ये जागतिक क्रमवारीत सत्ताविसावे स्थान गाठले. तिलाही मनगटाच्या दुखण्याने शस्त्रक्रियेस सामोरे जावे लागले आणि पुढे एकेरी सोडून दुहेरीकडे वळावे लागले. कीर्तीची किंमत शरीर मोजते, मग देश कोणताही असो.

आपल्या दवाखान्यात दहा-बारा वर्षांची मुले दुखरा गुडघा, खांदा वा मनगट घेऊन येतात. सोबतचे पालक विचारतात, “पुढच्या रविवारी सामना आहे, तोवर बरे होईल ना?” अशा वेळी काही साध्या गोष्टी सांगता येतात. आठवड्यातील सरावाचे तास मुलाच्या वयाच्या आकड्याहून अधिक नसावेत. आठवड्यातून एक-दोन दिवस पूर्ण विश्रांती असावी. फार लवकर एकाच खेळाला जुंपू नये. मुलींच्या बाबतीत पाळीची अनियमितता, आहार आणि हाडांचे आरोग्य यांची चौकशी आवर्जून करावी. वेदनाशामक देऊन सामन्यास पाठविणे ही शेवटची गोष्ट असावी.

आणि एक प्रश्न पालकांना नव्हे, थेट मुलाला विचारावा : “तुला खेळावयाचे आहे का?” वूहानच्या त्या आठ वर्षांच्या मुलीला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. आपल्यासमोर बसलेल्या मुलाला तो विचारण्यास फार वेळ लागत नाही.