यादीत नाव नाही म्हणजे देणगीच नाही?

समजा, शहापूरच्या एका दुकानदाराने पक्षाच्या वेबसाइटवरून यूपीआयने 500 रुपये देणगी दिली. पक्षाने निवडणूक आयोगाला दिलेल्या ‘फॉर्म 24ए’मध्ये त्याचं नाव बहुधा सापडणार नाही. कारण लोकप्रतिनिधित्व कायदा, 1951 च्या कलम 29सी नुसार आर्थिक वर्षात 20,000 रुपयांहून जास्त देणाऱ्यांचीच माहिती बंधनकारक आहे. म्हणून त्या यादीवरून ‘ग्रामीण ठाण्यातून देणग्या येतच नाहीत’ असं लिहू नका. नोंद नसणं म्हणजे शून्य नव्हे.

मग मुरबाडच्या उमेदवाराचा खर्चाचा हिशोब बघा. निकालानंतर 30 दिवसांत तो जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे जातो. त्यात देणगीदारांचा वेगळा तक्ता असतो. पण थेट पक्षाला दिलेले 500 रुपये तिथेही दिसत नाहीत. त्यामुळे आधी नोंदीची मर्यादा तपासा, मगच आकडे मोजा.