श्वानांचा खाऊ : पाकिटावरचे लेबल वाचा, स्वयंपाकघरातील धोके ओळखा

इलेक्ट्रॉनिक सिटी (बेंगळुरू) : दिवसभराचे काम आटोपून सदनिकेचे दार उघडले की शेपूट हलवीत सामोऱ्या येणाऱ्या श्वानाच्या तोंडात सर्वप्रथम पडते ते बिस्किट. सकाळपासून एकट्या राहिलेल्या प्राण्याला दिलेली ती जणू भरपाईच असते. मात्र १० किलो वजनाच्या श्वानासाठी अशी पाच ग्लुकोज बिस्किटे म्हणजे दिवसभराच्या एकूण आहाराचा जवळपास पाचवा हिस्सा होतो. जेवणाव्यतिरिक्तच्या खाऊसाठी पशुवैद्यक जी मर्यादा सांगतात, ती याच्या निम्मी, म्हणजे दहा टक्के आहे.

कर्नाटक सरकारच्या ‘किऑनिक्स’ या महामंडळाने १९७८ मध्ये कोनप्पना अग्रहार आणि दोड्डतोगूर या गावांच्या ३३२ एकर जमिनीवर वसविलेली इलेक्ट्रॉनिक सिटी आज माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांइतकीच भोवतालच्या निवासी संकुलांसाठीही ओळखली जाते. नोकरीनिमित्त आलेली मराठी कुटुंबेही येथे स्थिरावली आहेत. मालकांचे लांबलेले कामाचे तास, सदनिकेची मर्यादित जागा आणि मोबाईल ॲपवरून काही मिनिटांत घरपोच येणारी खाऊची पाकिटे या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की श्वानाचे चालणे घटते आणि खाणे वाढते. त्यामुळे खाऊ कोणता द्यावा, किती द्यावा आणि तो घरी करता येईल का, हे प्रश्न महत्त्वाचे ठरतात.

दहा टक्क्यांचे गणित

श्वानाला विश्रांतीच्या अवस्थेत लागणारी दैनंदिन ऊर्जा काढण्याचे एक सर्वमान्य सूत्र आहे. किलोमधील वजनाचा घन काढावा, त्याचे दोनदा वर्गमूळ घ्यावे आणि आलेल्या संख्येला ७० ने गुणावे. १० किलोच्या श्वानासाठी हे उत्तर सुमारे ३९४ किलोकॅलरी येते. नसबंदी झालेल्या प्रौढ, सर्वसाधारण हालचाल असलेल्या श्वानासाठी त्याला साधारण १.६ ने गुणतात. म्हणजे दिवसाची गरज सुमारे ६३० किलोकॅलरी आणि खाऊचा वाटा ६३ किलोकॅलरी.

याच हिशेबाने ५ किलोच्या लहानखुऱ्या श्वानाच्या वाट्याला जेमतेम ३७, तर ३० किलोच्या लॅब्रॅडॉरच्या वाट्याला सुमारे १४० किलोकॅलरी येतात. ग्लुकोज बिस्किटांच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ४५० किलोकॅलरी असतात. म्हणजे एका बिस्किटात सुमारे २५. त्यानुसार ५ किलोच्या श्वानाची मर्यादा दीड बिस्किटात संपते. एक मध्यम पोळी सुमारे १०० किलोकॅलरींची असते. ‘पोळीचा एवढासा तुकडा’ घरातील चार माणसांनी चार वेळा दिला, तर हिशेब कोठे जातो हे वेगळे सांगावयास नको. दिवसभर घरात झोपून राहणाऱ्या वा आधीच स्थूल असलेल्या श्वानासाठी ही मर्यादा आणखी खाली येते.

हे गणित केवळ दिसण्यापुरते नाही. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉर श्वानांवर जन्मभर चाललेल्या एका अभ्यासात त्यांच्या जोड्या करण्यात आल्या आणि प्रत्येक जोडीतील एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी आहार देण्यात आला. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, कमी खाणाऱ्या गटाचे मध्यक आयुर्मान १३ वर्षे, तर भरपेट खाणाऱ्या गटाचे ११.२ वर्षे होते. सांधेदुखीसारखे विकारही कमी खाणाऱ्यांमध्ये उशिरा उद्भवले. केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिले, की सुमारे एक चतुर्थांश लॅब्रॅडॉर श्वानांमध्ये ‘पीओएमसी’ या जनुकाचा काही भाग गळालेला असतो आणि असे श्वान अधिक वजनाचे व अन्नासाठी अधिक उतावीळ असतात. अर्थात, आर्जवी डोळ्यांनी मागणारा प्रत्येक श्वान भुकेलेला असतोच असे नाही.

पाकीट घेताना काय पाहावे?

अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ मधील ‘अन्न’ या संज्ञेतून प्राण्यांचे खाद्य वगळलेले आहे. श्वान व मांजरांच्या खाद्यासाठी भारतीय मानक ब्युरोचे ‘आयएस ११९६८’ हे स्वतंत्र मानक असून ते २०१९ मध्ये सुधारण्यात आले. तरीही खरेदीच्या वेळी सर्वाधिक उपयोगी पडते ते ग्राहकाचे स्वतःचे वाचन.

घटक पदार्थांची यादी सहसा वजनाच्या उतरत्या क्रमाने दिलेली असते. पाकिटावर कोंबडीचे चित्र असले, तरी यादीत पहिले नाव मैद्याचे वा साखरेचे असेल, तर तो खाऊ नावापुरताच मांसाहारी ठरतो. मोजकी व ओळखीची नावे, कमी मीठ, साखरेचा अभाव, प्रत्येक तुकड्यातील उष्मांकांचा उल्लेख, उत्पादकाचा पूर्ण पत्ता आणि मुदतीची तारीख या गोष्टी असलेले पाकीट निवडावे.

केवळ ‘शंभर टक्के मांस’ असा उल्लेख पुरेसा नाही, हे अमेरिकेतील एका दीर्घ चौकशीने दाखविले आहे. वाळविलेल्या मांसाच्या पट्ट्या खाल्ल्यानंतर श्वान आजारी पडल्याच्या तक्रारी तेथील अन्न व औषध प्रशासनाकडे २००७ पासून येऊ लागल्या. त्यातील बहुतांश पट्ट्या चीनमधून आयात झालेल्या होत्या. डिसेंबर २०१५ अखेर अशा सुमारे ५,२०० तक्रारींमध्ये ६,२०० हून अधिक आजारी श्वानांची आणि १,१४० हून अधिक मृत्यूंची नोंद झाली. काही श्वानांमध्ये मूत्रपिंडाचा दुर्मीळ विकार आढळला. परंतु या सर्व प्रकरणांमागचे एकच निश्चित कारण त्या चौकशीतून हाती लागले नाही.

चघळण्याच्या पदार्थांबाबत वेगळी काळजी घ्यावी लागते. हिमालयाच्या पट्ट्यात याक व गायीच्या दुधापासून केली जाणारी ‘चुरपी’ ही कडक चीज आज श्वानांचा खाऊ म्हणून देशोदेशी विकली जाते. २०१५ मध्ये सुरू झालेली बेंगळुरूतील ‘डॉगसी च्यू’ ही कंपनी याच क्षेत्रात आहे. अशा पदार्थात प्रथिने भरपूर आणि घटक मोजके असतात. मात्र अतिकठीण वस्तू चावताना श्वानाचा दात तुटू शकतो. अंगठ्याचे नख दाबल्यावर जराही खूण उमटत नसेल, तर ती वस्तू दातांसाठी फार कठीण समजावी, असा साधा निकष पशुदंतवैद्यक सांगतात. कच्च्या चामड्याच्या गाठींचे मोठे तुकडे गिळले गेल्यास घशात वा आतड्यात अडकण्याचा धोका असतो. शिजविलेली हाडे तर देऊच नयेत. त्यांच्या अणकुचीदार ढलप्या निघतात.

ताटातला घास, जिवाला घोर

सर्वांत मोठा धोका मात्र पाकिटात नसून स्वयंपाकघरात असतो. सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा, बेसनाचे लाडू, खीर यांत हमखास पडणारे बेदाणे व मनुका श्वानाच्या मूत्रपिंडांना इजा करू शकतात. द्राक्षांबाबतही तेच. काही श्वानांना थोड्याशा बेदाण्यांनीही गंभीर त्रास होतो, तर काहींना होत नाही. त्यामुळे यात ‘सुरक्षित प्रमाण’ असे काही मानले जात नाही. ही विषबाधा टार्टारिक आम्लामुळे होत असावी, असे मत अमेरिकेतील प्राणी विषबाधा नियंत्रण केंद्राच्या पशुवैद्यकांनी २०२१ मध्ये मांडले. हेच आम्ल चिंचेत मुबलक असते. त्यामुळे चिंचेचे सांबार, रस्सम, पुळियोगरे किंवा चिंच-गुळाची आमटी कालवलेला भात श्वानापुढे ठेवू नये.

कांदा आणि लसूण यांतील गंधकयुक्त संयुगे श्वानाच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. शरीराच्या प्रत्येक किलोमागे १५ ते ३० ग्रॅम कांदा पोटात गेल्यास रक्तात लक्षणीय बदल होतात. म्हणजे ५ किलोच्या श्वानासाठी एक मध्यम कांदाही पुरेसा ठरतो. शिजविल्याने, तळल्याने वा वाळविल्याने हा दोष जात नाही. उरलेले कांदेपोहे, पावभाजी आणि मटणाचा रस्सा म्हणूनच वर्ज्य. चॉकलेटमधील थिओब्रोमीन हृदय व मज्जासंस्थेवर परिणाम करते. चॉकलेट जितके काळपट व कडू, तितका धोका अधिक. चकली, शेव, करंजी यांसारख्या तेलकट-तुपकट फराळाने स्वादुपिंडाचा दाह उद्भवू शकतो.

‘साखरविरहित’ पदार्थांमधील झायलिटॉल हा गोडवा माणसाला निरुपद्रवी असला, तरी श्वानाच्या शरीरात त्यामुळे इन्सुलिन एकाएकी स्रवते. शरीराच्या प्रत्येक किलोमागे ०.१ ग्रॅम झायलिटॉलनेही रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. त्याहून जास्त मात्रेत यकृत निकामी होते. च्युइंगगम, टूथपेस्ट आणि काही प्रकारच्या शेंगदाणा लोण्यामध्ये ते असते. लेबलवर ‘९६७’ हा क्रमांक दिसल्यास ते झायलिटॉलच समजावे.

घरचा खाऊ : नाचणी आणि लाल भोपळा

उत्तम खाऊसाठी खास सामग्री लागत नाही. गाजर, काकडी, उकडलेला लाल भोपळा वा फरसबीचे तुकडे, बिया काढलेले सफरचंद, बी-सालीविना कलिंगड हे सारे चालते. १०० ग्रॅम काकडीत जेमतेम १५ किलोकॅलरी असल्याने स्थूल श्वानासाठी ती बिस्किटाला चांगला पर्याय आहे. मीठ-मसाल्याविना उकडलेल्या कोंबडीचे बोटाच्या पेराएवढे तुकडे प्रशिक्षणाच्या वेळी विशेष उपयोगी पडतात.

कर्नाटकात ‘रागी’ म्हणून रोजच्या जेवणात असलेली नाचणी या कामी सोयीची आहे. तिच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. मात्र त्यातील सर्व कॅल्शियम शरीरात शोषले जात नाही. म्हणून नाचणीचा खाऊ हा समतोल आहाराचा पर्याय मानू नये.

कृती साधी आहे. १५० ग्रॅम नाचणीचे पीठ, उकडून कुस्करलेला १०० ग्रॅम लाल भोपळा आणि एक अंडे एकत्र मळून घट्ट गोळा करावा. मीठ, साखर, गूळ, खाण्याचा सोडा यांपैकी काहीही घालू नये. गोळा चिकट वाटल्यास आणखी थोडे पीठ घ्यावे. सुमारे अर्धा सेंटिमीटर जाडीची पोळी लाटून सुरीने लहान चौकोन पाडावेत. १६० अंश सेल्सिअसवर ओव्हनमध्ये २५ ते ३० मिनिटे भाजून, ओव्हन बंद केल्यावर तुकडे आतच निवू द्यावेत. ओव्हन नसल्यास जाड तव्यावर मंद आचेवर, झाकण ठेवून दोन्ही बाजूंनी कोरडे होईपर्यंत भाजावेत. या मिश्रणात एकूण सुमारे ५८० किलोकॅलरी असतात. त्याचे १०० तुकडे पाडल्यास प्रत्येकात सहाहून कमी. १० किलोच्या श्वानाला दिवसभरात दहा तुकडे दिले, तरी मर्यादा ओलांडली जात नाही.

एकच मोठा तुकडा देण्यापेक्षा लहान तुकडे अनेकदा दिल्याने उष्मांक न वाढता शाबासकीच्या संधी वाढतात. अशा खाऊत टिकाऊपणासाठी काही घातलेले नसल्याने तो हवाबंद डब्यात, शीतकपाटात ठेवून आठवडाभरात संपवावा. बुरशीची शंका आल्यास टाकून द्यावा. कोंबडीच्या पट्ट्या घरी वाळवायच्या असतील, तर त्या आधी पूर्ण शिजवून घ्याव्यात. नुसत्या कोमट हवेत वाळविल्याने साल्मोनेलासारखे जंतू मरत नाहीत.

पिलांना, गाभण मादीला किंवा मधुमेह, मूत्रपिंड वा स्वादुपिंडाचे विकार असलेल्या श्वानांना कोणताही नवा खाऊ पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच द्यावा. निरोगी श्वानालाही एका वेळी एकच नवा पदार्थ द्यावा. म्हणजे खाज वा जुलाब झाल्यास कारण सापडते.

संकुलाच्या फाटकाबाहेर

फाटकाबाहेरच्या भटक्या श्वानांनाही बहुधा बिस्किटांचाच खाऊ मिळतो. २०२३ च्या गणनेनुसार बेंगळुरू महापालिकेच्या हद्दीत सुमारे २ लाख ७९ हजार भटके श्वान होते. त्यांपैकी सुमारे पाच हजारांना रोज शिजवलेले अन्न देण्यासाठी महापालिकेने जुलै २०२५ मध्ये निविदा काढली, तेव्हा खर्चावरून मोठी चर्चा झाली. त्या निविदेतील ३६७ ग्रॅमच्या एका जेवणात १५० ग्रॅम कोंबडी आणि प्रत्येकी १०० ग्रॅम तांदूळ व भाज्या होत्या. बिस्किटाने पोट भरते, पण प्रथिने मिळत नाहीत, हा फरक त्या यादीवरून ध्यानात येतो. रस्त्यावर खाऊ देताना प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ नुसार ठरविलेली जागा व वेळ पाळावी आणि उरलेले अन्न उचलावे.

तातडीच्या वेळी

श्वानाने बेदाणे, चॉकलेट, झायलिटॉल वा कांदा खाल्ल्याचे लक्षात आल्यास लक्षणांची वाट पाहू नये. झायलिटॉलचा परिणाम अर्ध्या ते एका तासात दिसू शकतो. मूत्रपिंडाची इजा मात्र एक ते तीन दिवसांनी उघड होते, तेव्हा उपचारांना उशीर झालेला असतो. उलट्या, तोल जाणे, थरथर, मलूलपणा, फिकट हिरड्या, गडद वा अत्यल्प लघवी ही धोक्याची चिन्हे आहेत. उलटी व्हावी म्हणून मिठाचे पाणी पाजू नये. त्याने दुसरी विषबाधा होऊ शकते. काय खाल्ले, किती आणि केव्हा, याची नोंद व शक्य असल्यास पाकीट सोबत घेऊन तत्काळ पशुवैद्यकाकडे जावे. जवळच्या चोवीस तास चालणाऱ्या पशुरुग्णालयाचा दूरध्वनी क्रमांक खाऊच्या डब्यावरच चिकटवून ठेवणे हितावह ठरेल.